सहा महिने कुणाच्या सोयीचे?

मार्च 2025 मध्ये एका नावाजलेल्या क्रिकेटपटूच्या परस्परसंमतीच्या घटस्फोटात मुंबई उच्च न्यायालयाने सहा महिने थांबण्याची अट माफ केली. आयपीएल तोंडावर आलेली, म्हणून वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयाला दुसऱ्या दिवसापर्यंत निकाल द्यायला सांगितलं. दोघं अडीच वर्षं वेगळे राहत होते, त्यामुळे निकालाबद्दल माझी तक्रार नाही. मार खाऊन माहेरी आलेल्या बाईकडे मात्र 'लवकर करा' म्हणायला आयपीएलएवढं वजनदार कारण नसतं, हे सलतं.

हिंदू विवाह कायद्यात कलम 13-ब आलं 1976 साली. आधी वर्षभर वेगळं राहायचं, मग दोघांनी मिळून अर्ज करायचा, मग किमान सहा महिने थांबून पुन्हा कोर्टात सांगायचं की हो, आम्हाला अजूनही सुटायचंय. रागाच्या भरात संसार मोडू नये हा हेतू. दोन समंजस माणसांसाठी ठीकच आहे.

पण छळ सोसलेली बाई 'म्युच्युअल'ला, म्हणजे या संमतीच्या घटस्फोटाला, येते ती थकून. क्रूरतेचा दावा लावला तर साक्षीपुरावे, उलटतपासणी, तारखांवर तारखा, त्यात वर्षं जातात. म्हणून वकीलच सांगतो, ताई, म्युच्युअल करून मोकळ्या व्हा. अंतिम हुकूम होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली सुरेष्टा देवी खटल्यात सांगितलंय. (तत्त्वतः बरोबरच आहे, दबावाखाली सही केलेल्या बाईलाही त्याचाच आधार.) व्यवहारात मात्र नवऱ्याच्या हाती सहा महिन्यांचा लगाम येतो. दागिने मागितलेस तर पुढची सही विसर. आधी ती 498ची, छळाची केस रद्द करून घे. पोरगा सुट्टीत माझ्याकडेच राहील. पहिल्या अर्जात लिहिलेला पोटगीचा आकडा दुसऱ्या तारखेपर्यंत निम्म्यावर येतो, आणि ती मान हलवते, कारण नाही म्हटलं तर सगळं पहिल्यापासून.

2017च्या अमरदीप सिंग निकालाने न्यायाधीशांना ही मुदत माफ करता येते हे स्पष्ट केलं. चांगलं झालं. पण त्यातल्या कसोट्या बघा. दीड वर्ष वेगळं राहून झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत, पोटगी आणि मुलांचा ताबा मिटलेला हवा. म्हणजे छळणाऱ्याशी सगळं मिटवा, मग सुटका मागा! 2023 मध्ये घटनापीठाने राज्यघटनेच्या कलम 142 खाली मुदत न पाळता घटस्फोट द्यायची आणखी वाट काढली, पण तो अधिकार सर्वोच्च न्यायालयाचा. चंदगडच्या बाईने त्यासाठी दिल्ली गाठायची?

लग्नाला वर्ष झालं नसेल तर हिंदू विवाह कायद्याचंच कलम 14 आडवं येतं. 'असाधारण' हालअपेष्टा दाखवून खास परवानगी काढावी लागते. साधारण हालअपेष्टा कोणत्या, हे पहिल्याच दिवाळीत मार खाल्लेल्या मुलीला कुणीतरी समजावून सांगावं. केरळ उच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये ख्रिश्चनांच्या घटस्फोट कायद्यातली संमतीच्या घटस्फोटाआधीची एक वर्षाची अट घटनाबाह्य ठरवली. आपली संसद मात्र गप्प. घटस्फोट सोपा करणारं, 2013 मध्ये राज्यसभेने मंजूर केलेलं विवाह कायदा दुरुस्ती विधेयक 2014 मध्ये लोकसभेबरोबरच निकालात निघालं.

मुदत सरसकट काढा असं मी म्हणत नाही. घाईत सह्या घेऊन बायकोला रिकाम्या हाती घराबाहेर काढणारेही आहेत, आणि अशा बाईला सहा महिने म्हणजे बरा वकील गाठायला मिळालेला वेळ. म्हणून थांबायचं की नाही हे छळ सोसणाऱ्याने ठरवावं. ('मग पुरुषांचं काय?' म्हणणाऱ्यांना: हो, त्यांनीही.) घरगुती हिंसाचाराच्या (डीव्ही) कायद्याखाली संरक्षण आदेश असेल, आरोपपत्र दाखल असेल किंवा सरकारी दवाखान्यातले जखमांचे कागद असतील, तर पीडिताने मागताच 13-ब आणि 14 या दोन्ही कलमांतल्या मुदती गळून पडाव्यात. समोरच्याला संमती मागे घ्यायची असेल तर त्याने न्यायाधीशांना कारण सांगावं. आणि पैशाचा वाद राहिला तर राहू दे. कलम 25 खाली पोटगी घटस्फोटानंतरही मागता येते, मग आकडा ठरेपर्यंत तिला लग्नात का अडकवून ठेवायचं?