गाडी घ्यायची, पण चालवणार कोण?

मॉरिशसला जायचं हे एका संध्याकाळी ठरलं. विमानाची तिकिटं निघाली, हॉटेलवरून थोडी कुरबूर झाली, तीही मिटली. घोडं अडलं ते गाडीवर. तिथे उतरल्यावर गाडी भाड्याने घेऊन आपणच चालवायची की ड्रायव्हरसकट टॅक्सी ठरवायची, यावर आमच्या आणि साडूंच्या घरात जे गुऱ्हाळ चाललं, तेवढ्यात त्या बेटावरच्या निम्म्या उसाचा रस निघाला असता.

साडूंचं मत पहिल्या दिवसापासून पक्कं. "बेट केवढं? लांबी ६५ किलोमीटर, रुंदी ४५. ठाण्याहून निघालं की कर्जतला देश संपला! त्याला ड्रायव्हर कशाला?" बायकोने तोच आकडा उचलला. "एवढंसं बेट, मग गाडी घेऊन तरी करायचंय काय?" एकाच आकड्यावर दोन्ही पक्ष जिंकतात, हे मी याआधी फक्त सोसायटीच्या वार्षिक सभेत पाहिलं होतं.

साडूंचा हुकमी एक्का म्हणजे तिथली वाहतूक डावीकडून चालते. स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. १८१० पर्यंत बेट फ्रेंचांकडे होतं, मग १९६८ पर्यंत इंग्रजांकडे. त्यामुळे गावांची नावं फ्रेंच राहिली आणि रस्त्याची बाजू इंग्रजांची झाली. "मी मुंबई-गोवा भर पावसात, रात्री काढलाय," हे साडूंचं पुढचं वाक्य. आता ज्या महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, त्यावरून पावसात रात्री गेलेल्या माणसाच्या ड्रायव्हिंगवर शंका घेता येत नाही. अकलेवर घेता येते, पण साडू पडले, गप्प बसलो.

चर्चा चालू असतानाच ते आरटीओत जाऊन आले. हजार रुपये भरून, वर्षभर चालणारं आंतरराष्ट्रीय परमिट काढलं आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. फोटोतला त्यांचा चेहरा पाहून कोणत्याही देशाच्या पोलिसाने आधी गाडीची डिकी उघडायला लावली असती.

कागदपत्रं वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात चष्मा मला लागतो. भाड्याची जाहिरात एका ओळीची असते आणि अटी अकरा पानांच्या. रोजचं भाडं ठीकच होतं. पण अनामत म्हणून क्रेडिट कार्डावर मोठी रक्कम अडकवून ठेवणार, आणि कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. साडूंच्या घरी क्रेडिट कार्ड मेव्हणीच्या नावावर आहे. मेव्हणीला गाडी येत नाही. म्हणजे ज्याच्याकडे परमिट त्याच्याकडे कार्ड नाही, आणि जिच्याकडे कार्ड तिला क्लच कुठला ते माहीत नाही.

मग विमा. पाचव्या पानावर कळलं की संपूर्ण विम्यात टायर, काचा आणि गाडीची खालची बाजू येत नाही. शिवाय बाकी नुकसानाची पहिली ठरावीक रक्कम आपणच भरायची. थोडक्यात, गाडी उलटून चेंदामेंदा झाली तर त्यांना काळजी. दगडावर घासली तर आपल्याला. ताब्यात घेताना गाडीभोवती फिरून प्रत्येक ओरखड्याचा व्हिडिओ काढावा, असाही सल्ला सगळे अनुभवी लोक देत होते. विमानतळावर उतरल्या उतरल्या, हवाईचप्पल घालायच्या आधी, भर उन्हात बंपरचं शूटिंग!

बायकोचे मुद्दे कागदावर नव्हते म्हणून जास्त वजनदार होते. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आणि आमचं हॉटेल उत्तरेला ग्राँ बे इथे. म्हणजे पहिल्याच दिवशी, रात्रभर न झोपलेल्या माणसाने आख्खा देश ओलांडायचा, आणि वाटेत राजधानी पोर्ट लुईची ऑफिस सुटण्याची वेळ. पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आँ फ्लाकला सूर्यास्त बघायचा तर परतीला अंधार. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस, दिवे नाहीत, फुटपाथ नाही आणि कडेने चालणारी माणसं. शिवाय जागोजागी गोल चक्रं, आणि चक्रात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडे आधी जायचा मान ज्याचं वाहन मोठं त्याचा. ही सवय एका आठवड्यापुरती कुठे काढून ठेवणार?

"आणि शामारेलच्या घाटात," ती म्हणाली, "सात रंगांची माती आम्ही बघणार, ले मॉर्नचा डोंगर आम्ही बघणार, तुम्ही दोघं फक्त पुढच्या बसचा नंबर बघणार."

टॅक्सीच्या विरोधातही मी लढलो, नाही असं नाही. टॅक्सीवाले लाकडी जहाजांच्या कारखान्यात नेतात, हे जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो. शिडाच्या जहाजांची हुबेहूब छोटी रूपं बनवण्यात मॉरिशसचा हात धरणारं कोणी नाही, पण वन बीएचकेत शिडाचं जहाज ठेवायचं कुठे? शिवाय ड्रायव्हर बाहेर थांबलाय म्हटलं की मराठी माणसाला समुद्रात पाच मिनिटंही निवांत बसवत नाही. "तो बिचारा ताटकळलाय," म्हणत सगळे अर्धे ओले बाहेर.

पण मनातून मला खरी भीती वेगळी होती. ड्रायव्हर असला तर रस्ता चुकल्याचं खापर फोडायला हक्काचं डोकं मिळतं. तो नसला की साडू चालवणार, नकाशा बायको वाचणार, आणि ट्रू ओ बिश या गावाचं नाव पाटीवर वेगळं, फोनच्या तोंडून वेगळं आणि बायकोच्या तोंडून तिसरंच. त्या तिठ्यावर जे बोललं जाईल ते परत आल्यावर दिवाळीपर्यंत पुरेल, हे उघड होतं. मी टॅक्सीच्या बाजूने मत दिलं. साडू हरले.

टॅक्सीवाला निघाला रत्नागिरीकडचा. म्हणजे त्याच्या पणजोबांचे वडील गिरमिटिया मजूर म्हणून मुंबईहून जहाजाने आलेले. त्याचं मराठी अडखळत, पण आरत्या पाठ. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, हे त्याने दोनदा सांगितलं. गंगा तलावाकाठी ३३ मीटर उंच शंकराच्या मूर्तीपुढे मेव्हणीने त्याच्याकडून महाशिवरात्रीच्या पायी वारीची सगळी माहिती काढून घेतली. जहाजांच्या कारखान्यात त्याने नेलंच.

साडू पुढच्या सीटवर. पहिल्या गोल चक्रापासून त्यांचा उजवा पाय फूटमॅटवर ब्रेक दाबत होता. "उजवीकडून येतोय," "आता घ्या," "हां, दुसरा गियर," असं समालोचन अखंड चालू. ड्रायव्हर हसत मान डोलवत राहिला. शामारेलच्या चढाला मात्र त्याने गाडी कडेला लावली, किल्ली काढली आणि अदबीने साडूंपुढे धरली. "काका, तुमी चालव."

साडूंनी घाटाकडे पाहिलं. मग हात कमरेवर गेला. "नको हो, आज जरा कंबर धरलीय."

मागून मेव्हणी म्हणाली, "परमिट तरी दाखवा त्यांना. हजार रुपये भरलेत."