धर्मावर व्याख्यान कसं ठोकावं

आषाढी झाली, गणपती तोंडावर आले, म्हणजे व्याख्यानांचा हंगाम आला. 'धर्म आणि आधुनिक समाज' असा विषय घेऊन कुणीतरी तुमच्याही दारात उभं राहणारच. घाबरू नका. गेल्याच शनिवारी आमच्या गावातल्या एका व्याख्यानमालेत, शेजारी ७४ वर्षांच्या आत्याला बसवून, मी सलग दोन तास हे ऐकून आलोय. तंत्र तोंडपाठ झालंय. फुकट देतो, घ्या.

सुरुवात धर्मावर लिहिलेल्या युरोपी विचारवंतांच्या नावांनी करा. मार्क्स, वेबर, दुर्खीम, जमल्यास फ्रॉइड. दुर्खीम म्हणायचं की द्यूरकेम, यावर वेळ दवडू नका. ज्याला माहीत असतं तो चहाआधीच उठून गेलेला असतो.

व्याख्येच्या फंदात पडू नका. धर्म म्हणजे काय, हे वेबरनंही आधी सांगायचं टाळलं. अभ्यास झाल्यावर शेवटी बघू म्हणाला, आणि १९२० मध्ये वारला. तुम्हाला तर साडेआठला सभागृह रिकामं करून द्यायचंय.

फोटो मात्र हवाच. दिवे घाटातली वारी, ड्रोननं टिपलेली. ती वळणावळणाची रेघ पडद्यावर आली की आवाज खाली आणायचा आणि म्हणायचं, 'हीच ती दुर्खीमची सामूहिक उत्कटता!' (म्हणजे माणसं एकत्र जमली की सगळ्यांना मिळून चढणारं भरतं.) त्यानं हे १९१२ च्या ग्रंथात मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या आधारे मांडलं, आणि तो स्वतः ऑस्ट्रेलियाला कधी गेला नव्हता. दुसऱ्यांनी तिथं राहून लिहिलेलं त्यानं फ्रान्समध्ये बसून वाचलं. मग तुम्ही तरी आळंदीपर्यंत कशाला तंगडतोड करताय? (त्यानं निदान वाचलं होतं, हा भाग सोडून द्या.) ड्रोनमधून भेगाळलेल्या टाचा दिसत नाहीत, पहाटे तीनला टँकरपाशी लागलेली बायकांची रांग दिसत नाही, ही केवढी सोय! लगेच पुढचं वाक्य टाका: 'वारीत जात नसते, फक्त माणूस असतो.' टाळी. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे स्वतः वारीत चालल्या होत्या. एकाच दिंडीत भजन एकत्र आणि जेवणं वेगळी, हे त्यांना रोज खुपत होतं आणि ते त्यांनी लिहूनही ठेवलंय. ते वाचू नका. टाळी जाते.

प्रत्येक तिसऱ्या वाक्यात 'पाश्चात्त्य' म्हणा. शिवी म्हणून चालतं, दाखला म्हणूनही चालतं.

भविष्य जरूर वर्तवा. विज्ञान वाढेल तसा धर्म आटेल, असं ठणकावून सांगा. पीटर बर्जर या नामांकित समाजशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये सांगितलं होतं की एकविसाव्या शतकात श्रद्धाळू माणसं छोट्या छोट्या पंथांत अंग चोरून बसलेली सापडतील. १९९९ मध्ये त्याच बर्जरनं जाहीरपणे ते मागे घेतलं. तुमच्यावर ती वेळ यायची नाही. तोवर मंडळाची कार्यकारिणी बदललेली असते.

अध्यक्षपद मिळालं तर हुकमाचं पान वेगळं: 'धर्म म्हणजे रिलिजन नव्हे!' आमच्या अध्यक्षांनी समारोपात तेच टाकलं. शब्दांचा घोळ आहे, खोटं नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीनंतर उद्देशिकेत आपण मराठीत 'धर्मनिरपेक्ष' आहोत आणि हिंदीत 'पंथनिरपेक्ष'. एवढ्या एका फरकावर तासभर बोलता आलं असतं. अध्यक्ष बोलले नाहीत. धारण करतो तो धर्म, धर्म म्हणजे कर्तव्य, एवढं सांगून शाल सावरत खाली बसले. नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर 'धर्म' या रकान्यात 'कर्तव्य' भरलंय का, हे विचारायचं राहून गेलं.

'आणि शेवटी' असं म्हणा. पाऊण तास वाढवून मिळतो.

आता ब्रह्मास्त्र. मार्क्सच्या नावावरची ती 'धर्म म्हणजे अफूची गोळी'. शनिवारी ती चारदा निघाली, मी पत्रिकेच्या मागे रेघा मारून मोजत होतो. गोळी आपण घातलीय बरं का, मार्क्सनं नुसती अफू म्हटलंय. १८४४ मध्ये छापलेल्या त्या लेखात अफूच्या आधीचंच वाक्य असं आहे की धर्म हा पिचलेल्या जीवाचा उसासा आहे, निर्दय जगाचं काळीज आहे. ते वाक्य तुम्ही गाळायचं. वेदना खरी आहे म्हणून औषध लागतं, आणि त्या काळात अफू हे घराघरातलं दुखण्यावरचं औषध होतं, हेही गाळायचं. गाळून गाळून खाली जो चोथा उरतो तो समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडावर मारायचा. आत्या उभी राहिली. वारीहून येऊन तिला आठवडाही झाला नव्हता, पाय अजून सुजलेले. माईक दोन्ही हातांत धरून म्हणाली, "मी एकोणीस वाऱ्या केल्या. मी कशासाठी जाते, असं तुमचं म्हणणं आहे?" वक्ते हसले. "आजी, तुम्ही कशासाठी जाता ते तुम्हाला कळणार नाही. त्यासाठीच तर आम्ही आहोत." सभागृह हसलं. माझ्या मागच्या रांगेतले दोन प्राध्यापक तर टाळ्या देत हसले. एका स्वयंसेवकानं आत्याच्या हातातून माईक काढून घेतला, काढून म्हणजे ओढून, आणि ती हात तसेच धरून क्षणभर उभी राहिली.

रिक्षात तिनं विचारलं, "तो अफूवाला खरंच तसं म्हणाला होता का रे?" घरी येऊन मी तिला तो उतारा मराठी करून वाचून दाखवला. तिनं पायाला तेल चोळत ऐकला. "म्हणजे बाळगोळीच की. आया कामावर जाताना तान्ह्याला अफू चाटवायच्या. पोर निजलं नाही तर ती गिरणीत उभी कशी राहणार? ह्यात हसण्यासारखं काय होतं?"

मग मी विचारलं, जे त्या वक्त्यानं विचारायला हवं होतं. "पहिल्या वर्षी ह्यांच्या दुखण्याचा नवस होता," ती म्हणाली. "ते गेले. तरी दुसऱ्या वर्षी दिंडीची भिशी भरली. का, ते नाही सांगता येत. तीन आठवडे भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुणी बोलत नाही, हे एक. दिंडीतल्या बायका वाट बघतात, हे एक. आणि रिंगणात माउलींचा अश्व पळाला की त्याच्या टापेखालची माती कपाळाला लावताना... जाऊ दे, ते तुला नाही कळायचं."

नवस फिटला नाही तरी माणूस चालत राहतो. बसवा बघू हे तुमच्या कुठल्या सिद्धांतात.

अहो, मार्क्सचं नाव घेता ना? इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबीही मार्क्सवादीच होते. पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवून शेंदूर फासलेल्या एकेका दगडापाशी थांबले, गावकऱ्यांना विचारलं, ही कोण, नैवेद्य काय लागतो, हिला इथंच का बसवली. इव्हान्स-प्रिचर्ड हा इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ सुदानमध्ये झांदे लोकांत जाऊन राहिला. धान्याचं कोठार माणसांवर कोसळलं की ते लोक चेटकाचं नाव घेतात, हे त्यानं पाहिलं. पण खांब वाळवीनं पोखरतात हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, प्रश्न एवढाच की नेमका हाच माणूस खाली बसलेला असताना का कोसळलं, हेही त्यानं त्यांच्याच तोंडून ऐकलं आणि १९३७ च्या पुस्तकात लिहिलं. तो काही तिथला भक्त झाला नव्हता. ऐकत होता. तुमच्याकडून तेवढंही होत नाही! नारळ घेता, शाल घेता, मानधनाचं पाकीट खिशात घालता, आणि आयुष्यभर ज्यावर बोलत हिंडलात ती गोष्ट एक बाई स्वतः उभी राहून सांगायला निघाली तर तिच्यावर सभागृह हसवता? लाज वाटायला हवी. तुम्हाला, अध्यक्षांना, माझ्या मागच्या रांगेतल्या दोघांना. आणि मलाही, कारण मी तेव्हा उठून बोललो नाही, रेघा मोजत बसलो. पुढच्या वेळी असा हात वर झाला तर त्या स्वयंसेवकाला जागेवर बसवा, माईक तिच्याकडे राहू द्या आणि पाच मिनिटं तोंड बंद ठेवा.