हात कुणाचाही असू शकतो

आमच्या सेवाभावी क्लबच्या गुरुवारच्या मीटिंगमध्ये मला 200 रुपये दंड झाला. 100 वृक्षारोपणाला गैरहजर राहिल्याबद्दल आणि 100 ‘अहो, मी होतो’ असं म्हटल्याबद्दल.

होतो म्हणजे काय, रविवारी सकाळी नाशिकच्या म्हसरूळला, चामरलेण्याच्या पायथ्याशी घोटाभर चिखलात कुदळ मारत होतो. मग बॅनर उलगडला आणि त्याचं डावं टोक माझ्या हातात आलं. फोटोत बॅनर आला, प्रेसिडेंट आले, गळ्यातल्या कॉलरसकट, म्हणजे पदाच्या पट्ट्यासकट. एक करंजाचं रोप आलं आणि त्या एका रोपाला हात लावून उभी असलेली सगळी कार्यकारिणी आली. माझं फक्त मनगट आलं.

आमच्या क्लबचं नाव सांगत नाही. पुढच्या दंडाची हौस नाही. सेवेचा हा प्रकार 1905 मध्ये शिकागोत पॉल हॅरिस या वकिलानं सुरू केला. मीटिंग आळीपाळीनं एकेकाच्या ऑफिसात व्हायची, म्हणून रोटरी, म्हणजे फिरती. आमच्या संस्थापकांनी रोटरीकडून चार प्रश्नांची कसोटी घेतली आणि लायन्स या तशाच दुसऱ्या क्लबकडून ‘टेल ट्विस्टर’, म्हणजे सभेत हसतखेळत दंड करणारा पदाधिकारी. त्यातलं ‘हसतखेळत’ वाटेत कुठेतरी, बहुधा कसारा घाटात, पडलं असावं.

कारण आमचे टेल ट्विस्टर निवृत्त बँक अधिकारी आहेत. सही जुळत नाही म्हणून लोकांचे चेक परत करण्यात त्यांची हयात गेली.

“सर, हा बघा, हा हात माझा.”

त्यांनी मोबाइलवर फोटो मोठा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ माझं मनगट तपासलं. “हात कुणाचाही असू शकतो.”

“घड्याळ बघा ना! तेच आहे.”

“फोटोतल्या घड्याळात सव्वानऊ वाजलेत. तुमच्या घड्याळात आठ पाच. जुळत नाही.”

“अहो, तो रविवार होता!”

“तेच म्हणतोय मी. तुम्ही पुरावा गुरुवारचा देताय.”

“पण मला खणताना तुम्ही पाहिलंत. थर्मासमधला चहा तुम्हीच दिलात मला!”

“दिला. तो वैयक्तिक पातळीवर. आत्ता मी पदावर आहे.”

सभागृह खदखदून हसलं. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते कॉलेज रोडचे आमचे एक सभासद, जे फोटोपुरते गाडीतून उतरले होते आणि फोटोत अगदी मधोमध आहेत. थोड्या वेळापूर्वीच आम्ही उभं राहून कसोटी म्हटली होती: हे सत्य आहे का? संबंधित सर्वांना न्याय्य आहे का? दंडाची वही तेव्हा टेबलावर उघडीच होती.

पण लायन्सच्या नियमांतली एक गंमत आमच्या घटनेतही उतरली आहे. एका सभेत एकाच माणसाला दोनदापेक्षा जास्त दंड करता येत नाही. माझे दोन्ही झाले होते. म्हणजे आता मी काहीही बोलायला मोकळा! उठलो आणि विचारलं, “आपण खणले ते खड्डे मागच्या पावसाळ्यातलेच होते. माती भुसभुशीत लागली तेव्हाच कळलं. मग मागची रोपं कुठंयत?”

टेल ट्विस्टरांनी वही उघडली, मिटली. प्रेसिडेंट म्हणाले, “छान मुद्दा. फेलोशिपमध्ये बोलू.” फेलोशिपमध्ये, म्हणजे सभेनंतरच्या खाण्यापिण्यात, बटाटेवडे होते. माझ्या टेबलापाशी कुणी फिरकलं नाही.

राग 200 रुपयांचा नाही. म्हणजे, थोडा आहेच. पण रोप जुलैत मरत नाही हो, मार्च-एप्रिलमध्ये मरतं. तेव्हा टेकडीवर टँकर न्यायला कुणी नसतं, कारण पाणी घालण्याचा बॅनर छापलेला नाही. पोलिओच्या कामाला रोटरीवाले 1985 पासून चिकटून राहिले. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आमच्याच्यानं एक उन्हाळा निघत नाही. वर बुलेटिनमध्ये ‘हरित नाशिक’ असा मथळा, आणि त्याखाली माझं मनगट.

निघताना पार्किंगमध्ये टेल ट्विस्टर स्वतःहून जवळ आले. पदावरून उतरले असावेत, कारण खांद्यावर हात ठेवला.

“मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वेळी उजवं टोक धरा. तिकडे मिसेस प्रेसिडेंट उभ्या असतात. ती बाजू कापायची कुणाची हिंमत नाही.”