पट्टा दिला होता, पण अडकवायचा कुठं?

नमस्कार.

शेडच्या छतावरची गटरं पावसाळ्याआधी साफ करून घेताना काय काळजी घ्यावी, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली, थोडक्यात अशी: "काम अर्ध्या दिवसाचं, बिल तीन हजारांचं. त्याला पॉलिसी, फळ्या, लाइफलाइन असं सगळं मागितलं तर लहान वर्कशॉपवाल्याला परवडणार कसं? आणि सुरक्षेचा बेल्ट दिला तरी पोरं घालत नाहीत. तुमच्या अटींनी त्यांची रोजीच जाईल."

तुम्ही स्वतः बारा माणसांचं वर्कशॉप चालवता, म्हणून ही तक्रार मला पोटातून आलेली वाटली.

आधी बेल्टचं बोलू. भोसरीत अकरा वर्षं मी हीच कामं ठेक्यानं घेत होतो. एका मे महिन्यात आमचा एक पोरगा, वय सव्वीस, फायबरच्या पत्र्यातून खाली गेला. उजेडासाठी सिमेंटच्या पत्र्यांच्या मध्ये मध्ये टाकतात तो पत्रा. वर्षानुवर्षांची धूळ आणि कबुतरांची घाण बसली की तो शेजारच्या सिमेंटच्या पत्र्यासारखाच दिसतो. सोळा फुटांवरून तो लेथच्या शेजारी पडला. टाच आणि कमरेचा मणका मोडला. मी खाली धावलो तेव्हा बेल्ट त्याच्या अंगात होता, पट्टे नीट आवळलेले होते, आणि दोरीचा हूक त्यानं स्वतःच्याच बेल्टच्या कडीत अडकवला होता. दुसरीकडे अडकवायला वर काही नव्हतंच. मी बेल्ट दिला होता, जागा दिली नव्हती. पोरं बेल्ट घालत नाहीत असं कुणी म्हटलं की मला तो हूक दिसतो. ज्या बेल्टनं काम अडतं आणि जीव वाचत नाही, तो माणूस काढूनच ठेवणार.

हूक अडकवायला वर नुसती कडी दिली तरी भागत नाही. लहान शेडच्या कडेची उंची पंधरा फूट, म्हणजे साडेचार मीटर धरा. बाजारात मिळणारी दोरी जवळपास दोन मीटरची. झटका शोषणारा भाग उघडला की आणखी दीड-पावणेदोन मीटर जातात. पाठीवरच्या कडीपासून पायांपर्यंत दीड मीटर. हूक पायांच्या पातळीला लावला असेल तर झटका पूर्ण शोषला जायच्या आत माणूस फरशीवर. म्हणून कमी उंचीच्या शेडवर दोरी मुद्दाम आखूड ठेवायची, म्हणजे माणूस कडेपर्यंत किंवा कच्च्या पत्र्यापर्यंत पोचूच नये. आणि ती बांधायची लोखंडी सांगाड्याला, नाहीतर पर्लिनला (पत्रे ज्यांवर टेकतात त्या आडव्या लोखंडी दांड्यांना) घट्ट धरलेल्या वायर रोपला, म्हणजेच लाइफलाइनला. पत्र्याच्या हूक-बोल्टला कधीच नाही.

सिमेंटच्या पत्र्यावर बोल्टांच्या रांगेवरून चाललं की पाय पर्लिनवर पडतो, हे जुनी माणसं सांगतात आणि ते खरंही आहे. पण हातात चिखलाचं घमेलं असताना रांग किती वेळ पाळता येते? एक पाय घसरला की वजन मधोमध येतं. त्यापेक्षा दोन फळ्या घ्या, प्रत्येक किमान तीन पर्लिनांवर टेकेल एवढी लांब. एकीवर उभं राहायचं, दुसरी पुढे सरकवायची. वर चढण्याआधी खालून पाहून फायबरचे पत्रे कुठं आहेत ते कागदावर काढून घ्या. आतून तो उजेड स्पष्ट दिसतो. पंधरा मिनिटांचं काम आहे. आणि गटर भिंतीच्या कडेलाच असेल, तर पत्र्यावर पाऊलही न ठेवता चाकांच्या मचाणावरून साफ होतं.

आता पॉलिसी, म्हणजे कामावर माणसाला अपघात झाला तर त्याची भरपाई देणारा विमा. तुम्ही लिहिलंत, "ठेकेदाराचा माणूस, ठेकेदाराची जबाबदारी." मीही तसंच समजत होतो. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात ठेकेदाराच्या माणसाची भरपाई काम देणाऱ्या मूळ मालकाकडून मागण्याची सोय होती, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनंही ती ठेवली आहे. ते काम तुमच्या धंद्याचा भाग होतं की नव्हतं, यावर वाद होतो. तो वाद लढताना तारखांना तुम्ही उभे असता आणि समोर त्या माणसाची बायको.

रक्कम किती, तेही पाहा. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. तिशीच्या माणसासाठी तो आकडा २०७.९८. पगार १५,००० धरला (२०२० पासून हिशेबातली कमाल मर्यादा हीच आहे) तर १५,५९,८५० रुपये. एक महिन्यात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि कारण पटण्यासारखं नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. तो दंड विमा कंपनी भरत नाही.

"त्यानंच बेल्ट घातला नव्हता" हा बचाव फक्त लहान-मोठ्या दुखापतीत चालू शकतो, तोही मुद्दाम आदेश मोडला हे सिद्ध झालं तर. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर कायदा तो बचाव ऐकतच नाही.

माझ्याकडे त्या वेळी पॉलिसी होती. तीत कामाचं स्वरूप लिहिलं होतं "फरशी व स्वच्छतागृहांची सफाई", कारण घेताना मला तेवढंच सुचलं होतं. छतावरून पडलेल्या माणसाच्या दाव्यावर विमा कंपनीनं तिथंच बोट ठेवलं. चौदा महिने गेले. तो पोरगा कुबड्या घेऊन माझ्या ऑफिसात यायचा, काही न मागता बसायचा आणि चहा घेऊन जायचा. म्हणून ठेकेदाराकडे पॉलिसी मागाल तेव्हा पहिलं पान पाहून परत देऊ नका. उंचीवरचं काम लिहिलंय का, माणसं किती दाखवलीत, पगार खरा लिहिलाय का आणि मुदत तुमच्या कामाच्या तारखेला चालू आहे का, एवढं वाचा. अशी पॉलिसी कमी मुदतीचीही मिळते.

गरिबाच्या रोजीची काळजी तुम्हाला आहे, हे मी मानतो. मग अजून एक करा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात, वय १८ ते ७०. तिचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं, म्हणजे नेमकं आपल्या कामाच्या हंगामात संपतं. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, आणि त्या दिवशी खात्यात वीस रुपये नसले तर विमा बंद पडतो. माणूस वर चढण्याआधी त्याचं पासबुक पाहायला काही लागत नाही. मात्र हे दोन लाख तुमच्या पॉलिसीची जागा घेत नाहीत.

तीन हजारांत हे सगळं बसणार नाही, हे तुमचं अगदी बरोबर. तो दरच चुकीचा आहे, आणि तो आम्ही ठेकेदारांनी एकमेकांना पाडून पाडून तिथं आणला. तुमच्या शेजारच्या चार-पाच शेडवाल्यांनी मिळून एकाच आठवड्यात काम काढलं, तर फळ्या, वायर रोप आणि पॉलिसीचा खर्च वाटला जातो. आम्ही शेवटची तीन वर्षं तसंच केलं.

तुमच्या शेडची कडेची उंची, पर्लिनमधलं अंतर आणि फायबरचे पत्रे किती, एवढं इथंच कळवा. वायर रोप कुठून कुठं ओढायची आणि दोरी किती आखूड ठेवायची, ते मी चित्र काढून पाठवतो.