बिल भरलेलं आहे, धन्यवाद

सुरुवातीलाच सांगतो, आमचं लाईटबिल भरलेलं आहे. या महिन्याचं, मागच्या महिन्याचं पण. पावती मोबाईलमध्ये आहे, बघायची असेल तर दाखवतो, बघायची नसेल तरी दाखवतो, कारण गेले चार दिवस मी दुसरं काही केलेलंच नाही.

झालं असं की लग्नाला चौदा वर्षं झाली. चौदा वर्षं झाली की वनवास संपतो, हे बायकोने एकाच आठवड्यात तीनदा, त्यातलं एकदा माझ्या आईसमोर, बोलून दाखवलं. तेव्हा म्हटलं यंदा हॉटेलातलं ते पनीर आणि वेटर लोकांच्या टाळ्या नकोत, काहीतरी जगावेगळं करू. ऑफिसातला एकजण मध्ये कामासाठी झुरिकला जाऊन आलाय (आलाय म्हणजे काय, पूर्ण आलेला नाहीच अजून, प्रत्येक वाक्य तिकडूनच सुरू होतं). तो म्हणाला तिथे ब्लिंडेकू नावाचं हॉटेल आहे, १९९९ पासून चालू, आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख, वाढणारे स्वतः अंध, आणि पुढ्यात काय आलंय ते नाकाने आणि जिभेने ओळखायचं. नावाचा अर्थ काय तर आंधळी गाय. आपण ज्या खेळाला आंधळी कोशिंबीर म्हणतो त्याला जर्मनमध्ये आंधळी गाय म्हणतात. हे ऐकून मला भरूनच आलं. त्यांनी खेळात गाय घातली, आपल्या पूर्वजांनी थेट जेवणातला पदार्थ घालून ठेवला, आणि हॉटेल काढलं कोणी, तर स्विस लोकांनी! लेकीला आत्याकडे पाठवलं आणि मेन्यूत सगळ्यात वर कोशिंबीर लिहिली.

अंधार करायचा म्हणजे बटण बंद करायचं इतकीच माझी समजूत. आदल्या रात्री रंगीत तालीम म्हणून (रंगीत कसली, काळीच) हॉलमध्ये सगळं बंद करून बसलो. पहिली पाच मिनिटं झकास काळोख. मग हळूहळू घर उगवायला लागलं. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात म्हणे, आणि तेवढ्यात ते इतके तिखट होतात की एरवी ज्याच्याकडे ढुंकून बघत नाही तो उजेड अंगावर येतो. राऊटरवर पाच हिरवे ठिपके, त्यातला एक सारखा डोळा मारतोय. सेट टॉप बॉक्सचा लाल, डासांच्या मशीनचा लाल, पाण्याच्या फिल्टरचा निळा, इन्व्हर्टरचा हिरवा, प्रत्येक स्विचबोर्डच्या कोपऱ्यात एकेक, आणि टीव्ही बंद असूनही 'मी आहे हं' असं सांगणारा एक. मोजले, सतरा भरले. काळी टेप आणली, ती बाराव्याला संपली. देव्हाऱ्यातला झिरोचा बल्ब आईने डायरेक्ट जोडून घेतलाय, त्याला बटणच नाही, आणि गणपतीच्या तोंडावर त्याच्या दिव्याला इन्सुलेशन टेप लावायची माझी तरी छाती झाली नाही. त्यात समोर बिल्डिंगचं काम चालू, त्यांचा हॅलोजन बरोब्बर आमच्या डायनिंग टेबलावर पडतो. खिडकीला तीन सोलापुरी चादरी ठोकल्या तेव्हा कुठे तो बाहेर राहिला.

शेवटी त्या दिवशी मेन स्विचच पाडला. पाडल्याबरोबर इन्व्हर्टर इमानी गड्यासारखा धावत आला, त्यालाही मागून बंद केला. झाला अंधार. एकच गोष्ट डोक्यात आली नाही, की मेन पाडला की दाराची बेलही जाते.

साडेआठला बसलो. खरं सांगतो, पहिली दहाएक मिनिटं फार छान गेली.

"हात कुठंय तुझा?"

"तुझ्या हातात."

"मग मी हे काय धरलंय?"

ती कोथिंबीर वडी होती. बिर्याणीतल्या लवंगा आणि वेलदोडे उजेडात आपण गुपचूप ताटाच्या कडेला लावतो, अंधारात ते एकेक करून दाताखाली येतात आणि स्वतःची ओळख करून देतात. मला आजी आठवली. जेवताना लाईट गेली की ताटावर हात ठेवून गप्प बसायचं, दिवा लागेपर्यंत घास घ्यायचा नाही, असा तिचा नियम होता. ते बायकोला सांगायला तोंड उघडलं आणि दारावर धाडधाड.

३०३ वाले काका. वीज मंडळातून लाईनमन म्हणून रिटायर झालेले, मूळचे परभणीकडचे. कपाळाला बॅटरी बांधलेली, खिशात टेस्टर. हा माणूस लग्नाला जातानासुद्धा पेनाशेजारी टेस्टर लावतो, मी पाहिलंय. दार उघडलं तसा बॅटरीचा झोत सरळ माझ्या डोळ्यात, ज्या डोळ्यांना मी एवढ्या मेहनतीने अंधार शिकवला होता.

"चपला दारात, आत काळोख, बेल बंद. म्हटलं गॅसबिस गळला का काय. काय करायलेत हो अंधारात?"

"जेवतोय काका."

"अंधारात?"

"हो. मुद्दाम."

हा शब्द मी वापरायला नको होता. काकांनी झोत हळूहळू खाली आणला, माझ्या नव्या पांढऱ्या कुर्त्यावर सांडलेलं कोशिंबिरीचं दही बघितलं, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, कुणाच्या घरी भेटायला गेल्यावर होतो तसा.

"बिल राहिलंय का?"

"नाही हो!"

"लाजू नका. बत्तीस वर्षं लोकांचे फ्यूज काढलेत मी. ज्याच्या दारात जावं तो हेच म्हणायचा, आम्हीच मुद्दाम बंद ठेवलंय. एकजण म्हणे डोळ्याचं ऑपरेशन झालंय, उजेड चालत नाही. मागं जाऊन बघतो तर तारेवर आकडा अन् आत टीव्ही चालू."

"काका, मेन मी स्वतः पाडलाय."

"पाडला का पडला?"

"पाडला."

"मेन कोणी पाडत नसतं हो. पडतो तो."

शाळेत सकर्मक-अकर्मक क्रियापदं शिकलो होतो, त्यानंतर आयुष्यात पहिल्यांदा त्यांची गरज पडली आणि तीही उपयोगाला आली नाहीत. काका मला बाजूला सारून आत. बोर्डापाशी जाऊन टेस्टर लावला, "फेज आहे" म्हणाले, आणि एवढी निराशा मी डॉक्टरच्या चेहऱ्यावर रिपोर्ट नॉर्मल आल्यावरच बघितलीय. मग विचारता न विचारता खटकन मेन वर केला. फ्रिज गुरगुरत उठला, गणपती उजळला, ट्यूब दोनदा फडफडून लागली आणि आमचं रोमँटिक टेबल सगळ्यांना दिसलं. अर्धी बिर्याणी टेबलक्लॉथवर. मी गुलाबाच्या पाकळ्या पसरल्या होत्या, त्यातल्या दोन रायत्यात, एक बायकोच्या केसात. काका पाकळ्यांकडे बघत राहिले.

"सत्यनारायण होता का?"

इथे बायको फुटली. म्हणजे हसून. माझी बाजू घेईल म्हणून मी तिच्याकडे बघतोय आणि ती टेबलावर डोकं ठेवून हसतेय. मग तिने त्यांना सगळं समजावलं, झुरिकसकट. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पैसे देऊन अंधारात जेवतात?" एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "करा बरं बंद. बघू तरी." करा कसलं, स्वतःच मेन पाडला, इन्व्हर्टर कसा बंद करायचा तेही मला शिकवलं, कपाळावरची बॅटरी विझवली आणि माझी खुर्ची ओढून बसले. ती माझी होती हे अंधारात कोणाला दिसणार.

यापुढचं मला फार लिहवत नाही. बायको मूर्तिजापूरची. तिचं कॉलेज लोडशेडिंगच्या ऐन भरात गेलं. काकांनी विचारलं, "तुमचा फीडर कुठल्या ग्रुपात होता ताई?" फीडर म्हणजे एकेका भागाला वीज नेणारी लाईन. त्या काळात बिलांची वसुली आणि विजेची गळती बघून फीडरचे ए, बी, सी करत जीपर्यंत गट पाडले होते, वसुली चांगली त्याला लाईट जास्त.

"एफ," बायको म्हणाली.

"अरारारा. भोगलंय तुम्ही."

एखाद्याने गोत्र विचारावं आणि जुळावं तसं झालं. मग जे दोघं सुरू झाले. पेपरात यायचं ते टाईमटेबल, पहाटे चारला लाईट येते म्हणून गजर लावून उठणं आणि आधी गिरणीवर डबा नेणं, गच्चीवर सगळ्या गल्लीच्या गाद्या, लाईट आली की पोरांचा "आलीऽऽ" म्हणून ओरडा. डीपीवर चढून काका फेज जोडतायत आणि खाली सगळं गाव बॅटऱ्या धरून उभं. बायको म्हणाली, "बाप्पा, काय दिवस होते," आणि तिच्या आवाजात जे काही होतं त्यासाठी मी दोन दिवस खिडकीला चादरी ठोकत होतो. मी मुंबईत वाढलो. आमच्याकडे लाईट जायचीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला याची लाज वाटली. गुलाबजाम किती उरले ते मी हाताने चाचपून बघितलं. पाक होता.

सव्वादहाला काका गेले. जाताना म्हणाले, "कोशिंबिरीत मीठ कमी होतं." अंधारात चव जास्त कळते हे खरं असावं.

मग मी मोबाईल उघडला. काकांनी आमच्या दारावर थापा मारायच्या आधीच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं, '३०४ मध्ये वीज नाही. माणसं आत आहेत.' खाली बेचाळीस मेसेज. एकीने चार्जिंगचा दिवा देऊ केलेला. एकाने 'सध्या जॉबचं सगळ्यांचंच अवघड आहे' असं लिहून हात जोडलेले. कोणीतरी, नाव घेत नाही, 'रक्कम कळवा, आपण वर्गणी काढू'. त्याखाली खजिनदार: 'त्यांचा मेंटेनन्सही दोन महिने बाकी आहे.' आहे बाकी! नाही म्हणत नाही! पण ते मी पार्किंगच्या गळतीसाठी निषेध म्हणून थांबवलंय, तसं लेखी पत्र दिलंय, ते कोणी वाचलेलं नाही.

आणि खरा राग मला याचा आहे. फेब्रुवारीत मी याच बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये पंचवीस मिनिटं अडकलो होतो, लाथा मारत होतो, तेव्हा बेचाळीसातल्या एकालाही ऐकू गेलं नाही. टँकर आला नाही तर तीन दिवस कोणी मेसेज टाकत नाही. पण नवराबायकोने एक संध्याकाळ लाईट घालवून बसायचं म्हटलं की दहा मिनिटांत अख्खी सोसायटी सामाजिक कार्याला तयार. दुसऱ्या दिवशी वॉचमन विचारतो, "साब, लाईट आ गया?" तिसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या आजींनी बायकोला लिफ्टमध्ये डाळीची पिशवी दिली. अर्धा किलो तूरडाळ. बायकोने घेतली! म्हणाली चांगली आहे डाळ, लातूरची आहे.

काल शेवटी मी पावतीचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. रक्कम, तारीख, ग्राहक क्रमांक, सगळं. वीस मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग काकांचा मेसेज आला.

'छान. पूर्ण भरलं का हप्ते करून घेतले?'