मोबाइल बोटाच्या उष्णतेवर चालत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. टचस्क्रीनवरच्या लेखाला तुम्ही सणसणीत प्रतिक्रिया दिलीत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : आजचे मोबाइल बोटाच्या उष्णतेवर चालतात, दाबून चालणारा रेझिस्टिव्ह स्क्रीन जुनाट आणि टाकाऊ, मी उगाच त्याची वकिली करतो. पुरावा म्हणून तुम्ही तुमच्या स्टेशनवरचं तिकिटाचं मशीन दिलंत, ज्यावर बोट आपटत बसावं लागतं आणि ‘ठाणे’ दाबलं तर ‘ठाकुर्ली’ लागतं.

उष्णतेचा विषय आधी संपवू. फ्रिजमधली गार काकडी हातात धरून तिचं टोक मोबाइलवर टेकवा, टच चालेल. प्लास्टिकचा चमचा गरम पाण्यात बुडवून, कोरडा पुसून टेकवा. काही होणार नाही. मोबाइलच्या कपॅसिटिव्ह स्क्रीनमध्ये, सहसा इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक, वीज वाहून नेणाऱ्या पदार्थाच्या, आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते. आडव्या रेघांमधून आळीपाळीने विजेचे स्पंद सोडायचे आणि उभ्या रेघांवर ते किती पोचतात ते मोजायचं, हे काम सेकंदाला 60, 120 किंवा त्याहून जास्त वेळा चालतं. बोट जवळ आलं की रेघांमधल्या विद्युतक्षेत्राचा थोडा भाग तुमच्या शरीराकडे वळतो आणि तिथलं माप घटतं. आजूबाजूची मापं मिळून कंट्रोलर, म्हणजे स्क्रीन सांभाळणारी चिप, बोटाचा मध्य काढतो. प्रत्येक छेदबिंदू वेगळा मोजला जातो, म्हणूनच दोन बोटांनी फोटो मोठा करता येतो.

जुलैत लोकलच्या दारात उभं राहून मोबाइल काढला की तो वेड्यासारखा का वागतो, तेही यातच आलं. पावसाचं पाणी वीज वाहून नेतं, थेंब शेजारशेजारचे छेदबिंदू जोडतो आणि मोबाइल परस्पर कुणाला तरी कॉल लावून मोकळा होतो. उष्णतेवर चालत असता तर गार थेंबाने तो मुका बसला असता.

आता ‘जुनाट’. इंग्लंडमधल्या मॅल्व्हर्नच्या रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी बोटाने चालणाऱ्या कपॅसिटिव्ह पडद्याची कल्पना 1965 मध्ये मांडली. अमेरिकेत सॅम हर्स्ट यांचं रेझिस्टिव्ह तंत्र त्यानंतरचं, 1970 च्या दशकातलं. म्हणजे वयाने मोठा तुमचा लाडका कपॅसिटिव्ह! 2007 च्या आयफोनने त्याला घरोघरी नेलं, एवढंच.

रेझिस्टिव्हमध्ये वर लवचीक थर, खाली काच, दोन्हींच्या आतल्या बाजूला विद्युतवाहक लेप आणि मध्ये बारीक ठिपक्यांनी राखलेली फट. दाबलं की थर एकमेकांना टेकतात. एका थराच्या दोन कडांना व्होल्टेज लावायचं आणि टेकलेल्या जागी ते किती उरलं हे दुसऱ्या थरावरून वाचायचं. मग भूमिका बदलून दुसरी दिशा. नख, पेनचं टोपण, रबरी हातमोजा, मासळी कापून आलेला ओला हात, कशाशीच त्याला देणंघेणं नाही. हातमोजे घालून काम करणाऱ्या कारखान्यातल्या माणसाला तुमचा महागडा मोबाइल काय कामाचा? नोकिया 5800 हा रेझिस्टिव्ह स्क्रीनचा मोबाइल ज्यांनी वापरला त्यांना स्क्रीनवर टेकवायची त्याची काडी आठवत असेल. दोन बोटांचा खेळ रेझिस्टिव्हला नीट जमत नाही आणि वरचा थर ओरखडतो, हे मी लेखातच लिहिलं होतं.

राहिलं तुमचं तिकिटाचं मशीन. ‘ठाणे’च्या जागी ‘ठाकुर्ली’ लागणं हे बहुतेक वेळा कॅलिब्रेशन (स्पर्शाची जागा आणि चित्रातली जागा यांचा मेळ) सरकल्याचं किंवा जाड काचेतून तिरकं पाहिल्याचं लक्षण असतं. मुळात ते रेझिस्टिव्ह आहे हे तरी कशावरून? नखाने हलकेच दाबून पाहा. पृष्ठभाग किंचित दबला आणि बटण लागलं, तर रेझिस्टिव्ह. काच कडक आहे, भोवती उंच चौकट आहे आणि नुसतं नख जवळ नेताच बटण लागतं, तर इन्फ्रारेड. तिथे काचेच्या वरून अदृश्य किरणांची जाळी जाते. कुठले किरण अडले यावरून जागा कळते. चौकटीत धूळ साचली की किरण आपोआप अडतात. मग कितीही बोट आपटा, उपयोग शून्य. चौकट पुसायला सांगा.

तुमचा शेवटचा प्रश्न रास्त आहे : जाड टेम्पर्ड ग्लास लावली की टच मंद का होतो? बोट आणि जाळी यांतलं अंतर वाढतं, मापातला फरक कमी पडतो. बऱ्याच मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये टचची संवेदनशीलता वाढवायचा पर्याय असतो, तो चालू करा. नाहीच जमलं तर पातळ काच घ्या.