पन्नास रुपयांचा दंड आणि ऊसतोडीचे बैल

नमस्कार दादा,

प्राण्यांच्या छळाला कैदेची शिक्षा हवी, असं मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं की कायदा कडक झाला तर आधी भरडला जाईल तो ऊस ओढणारा गाडीवान, बंगलेवाले सुटतील. शिवाय नव्या भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आलीच आहे, मग आणखी काय पाहिजे?

दुसरा प्रश्न आधी घेते. संहितेचं कलम ३२५ लागतं ते जनावर मारलं, विष घातलं, जायबंदी किंवा निकामी केलं तर. उपाशी ठेवणं, पाणी न देणं, आखूड दोरीला बांधून ठेवणं हे सगळं येतं प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली. तिथे पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर पंचवीस ते शंभर, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद.

आमच्या शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर एक कुत्री बांधलेली होती. एप्रिलचं ऊन आणि पाण्याचं भांडं कोरडं ठणठणीत. लहानपणी गळ्यात बांधलेली नायलॉनची दोरी कुणी सैल केलीच नव्हती. ती वाढत गेली आणि दोरी मासात रुतली. डॉक्टरांनी दोरी कापून काढली तेव्हा खाली बोटभर खोल खाच होती, तीत अळ्या. पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली आणि कोर्टात जा म्हणाले. त्या हवालदाराचा मला राग नाही. कलम ११ खालचे बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत, कोर्टाच्या हुकमाशिवाय त्याला तपासच करता येत नाही. त्यात तीन महिन्यांत खटला भरला नाही तर मुदत संपते. कुत्री जगली, म्हणजे ३२५ लावायलाही अवघड. माझी चीड आहे ती इथे, आणि म्हणून कैदेची वर्षं वाढवण्याआधी गुन्हा दखलपात्र करा, ही माझी पहिली मागणी आहे.

आता गाडीवान. इथे तुमचं बरोबर आहे आणि माझ्या लेखात ही बाजू यायला हवी होती. आजचं कलम ११ गच्चीवरच्या त्या माणसाला आणि जास्त ऊस भरणाऱ्या गाडीवानाला एकाच मापाने मोजतं. गाडीवानाला पैसे टनावर मिळतात, खेप कमी भरली तर हंगामाआधी घेतलेली उचल फिटत नाही. बैलाला खांदेसूज आली की रात्री हळद-तेल लावणारा तोच असतो. त्याला तुरुंगात घालून बैलाचं ओझं हलकं होणार नाही.

ओझी ओढणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी ओझ्याला मर्यादा घातली आहे, दिवसाला नऊ तासांच्या वर काम नको, पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही, असंही सांगितलं आहे. पण खेपा ठरवतो कोण? मुकादम आणि कारखाना. जबाबदारी तिथे टाका. गाडीवानाला समज आणि बैलाला सुट्टी, एवढं पुरे. मुद्दाम केलेल्या क्रौर्याला मात्र कैदच हवी.

आणि हे अशक्य नाही. शर्यतीच्या बैलांसाठी महाराष्ट्राने याच कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत अटी मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. त्याच बैलाला शर्यतीबाहेर उपाशी ठेवलं तर पन्नास रुपये. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा वाढवायला सांगितलं, २०२२ मध्ये केंद्राने कायदादुरुस्तीचा मसुदाही काढला.

तुम्ही गाडीवानांमध्ये वावरता, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. कारखान्याच्या काट्यावर गाडीचं वजन होतंच. जास्त भरलेल्या खेपेचा दंड तिथेच कारखान्याला लावला तर चालेल का, की तोही शेवटी गाडीवानाच्या उचलीतून कापतील? हे मला तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे.